ससा वाळक्या कडक लेंड्या खातोय, पोटाला काही होईल का?

रंकाळाकाठची | रविवार, सकाळी ९.१०

नमस्कार. एरवी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडं एक ससा आहे, भडंग नाव त्याचं (लेकीनं ठेवलंय, मी नाही), आठ महिन्यांचा, वजन दीड किलोला थोडं कमी. दोन आठवडे झाले बघतेय, हा गडी ट्रेमधल्या स्वतःच्याच लेंड्या उचलून खातो. आता ससे एक मऊ प्रकारची लेंडी खातात आणि ते नॉर्मल असतं एवढं मला माहितीय, नेटवर सगळीकडं तेच लिहिलंय, पण हा ती नाही खात, म्हणजे ती पण खात असेल, पण मी बघते ती वाळकी, कडक, गोल. कुडूम कुडूम आवाज येतो चक्क. काल संध्याकाळी मुद्दाम गॅलरीत खाली बसून बघितलं, चार उचलल्या, त्यातल्या दोन खाल्ल्या, एक तोंडातनं पडली आणि चौथी तशीच टाकून माझ्याकडं बघत बसला. सासूबाई म्हणतात असलं जनावर घरात नको, देव्हाऱ्याच्या भिंतीपलीकडंच त्याचा पिंजरा आहे. नवरा म्हणतो खाऊ दे, तेवढाच पेलेटचा (सशाच्या विकतच्या खाद्याच्या कांड्या) खर्च वाचला. मला भीती ही की पोटात अडकून काही व्हायला नको. कुणाला अनुभव आहे का?

पेठेतला_पैलवान | रविवार, सकाळी ९.३२

भडंग नाव ठेवल्यावर फुटाणे खाणारच की ओ ताई 😂
जोक जाऊ दे, आमच्या तालमीमागं एकाकडं ससं होतं ते पण असंच करायचं, त्याला जंत झालेत असं कोणतरी म्हणालं होतं. कुत्र्याला देत्यात ते जंताचं औषध द्या की, अर्धी गोळी.

लांबकान | रविवार, सकाळी ११.०५

पैलवान, राग मानू नका पण कुत्र्याची गोळी अंदाजानं मोडून दीड किलोच्या जनावराला द्यायची नसते. ताई, गोळीबिळी काही नको, आधी नीट बघू.

मी बारा वर्षं ससे पाळतोय, डॉक्टर नाही, पण लेंड्या एवढ्या बघितल्यात की घरचे मला लेंडीमास्तर म्हणतात. गुऱ्हाळ बघितलंय ना? घाण्यातनं ऊस गेला की चिपाड एकीकडं पडतं, रस काहिलीत जातो. सशाच्या पोटात तसंच असतंय. मोठ्या आतड्यात निवड होते, गवताचा जाड चोथा पुढं ढकलला जातो आणि तोच तुमच्या ट्रेमधली कडक लेंडी म्हणून पडतो, आणि बारीक, ओला, कामाचा भाग उलटा मागं फिरून उंडुकात जातो. उंडुक म्हणजे आतड्याला जोडलेली पिशवी, सशात ती इतकी मोठी असते की पोटातल्या एकूण मालाचा साधारण चाळीस टक्के माल तिथंच असतो. तिथं जिवाणू तो माल आंबवतात आणि काही तासांनी त्याची मऊ लेंडी तयार होऊन येते, तुतीच्या फळासारखा काळसर चकचकीत घोस, वरनं चिकट आवरण, वास मात्र बेकार. ससा ती खाली पडूच देत नाही, मान वाकवून थेट तिथनंच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. आवरणामुळं आतले जिवाणू पोटात गेल्यावरही काही तास काम करत राहतात. बी आणि के जीवनसत्त्वं, प्रोटीन सगळं त्यातनं मिळतं. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं हे १८८२ साली लिहून ठेवलंय, म्हणजे आपण काही नवीन शोध लावत नाहीये.

तुमचा ससा आवाज करून चावतोय म्हणजे ती कडकच. मऊ असती तर आवाज आला नसता आणि तुम्हाला ती दिसलीही नसती. कडक लेंडी खाल्ल्यानं अडकत वगैरे नाही, ती म्हणजे एकदा चावून झालेलं गवतच. एखादी हातात घेऊन मोडून बघा, वाळलेली असेल तर भुसा पडेल, घाण नाही वाटणार. पण रोज उचलून खातोय तर प्रश्न हा की त्याला चोथा कमी पडतोय का. खायला काय काय देता, तासावारी सांगा.

पुण्यात_अडकलेली | रविवार, दुपारी १२.२०

माझी लवंगी चार वर्षांची, तिच्यापुढं चोवीस तास गवत असतं तरी दिवसाला एकदोन कडक लेंड्या उचलतेच. सवय असते काहींना. सगळ्याच वेळी काहीतरी बिघडलंय असं नाही, उगाच घाबरवू नका त्यांना.

लांबकान | रविवार, दुपारी १२.४१

बरोबर आहे. एकदोन उचलणं वेगळं. ट्रे रिकामा करायला लागला तर वेगळं.

रंकाळाकाठची | रविवार, दुपारी २.१५

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप धन्यवाद. मोडून बघितली, खरंच भुसा निघाला, लेकीनं पण एक मोडली आणि मग हात न धुता पोळी घेतली, असो.

खाणं सांगते. सकाळी अर्धी वाटी पेलेट, संध्याकाळी अर्धी वाटी. कोथिंबिरीच्या काड्या, गाजर एक छोटं, लेक गुपचूप एक मारी बिस्कीट देते ते धरून. वैरण आधी द्यायचो, दूधवाल्या मामांकडनं वाळलेल्या गवताची पेंडी आणायचो, पण जूनच्या शेवटी पोतं गॅलरीत भिजलं, काळी बुरशी आली, टाकून दिलं. त्याच्यानंतर पाऊस उघडतच नाहीये, पंचगंगेचं पाणी बघून इकडं सगळ्यांचा जीव वरखाली आणि मामांकडचीही सगळी वैरण ओली. म्हणून पेलेट वाढवले. पॅकेटवर संपूर्ण आहार असं लिहिलंय.

आता लिहिता लिहिता लक्षात येतंय की हे लेंडी खाणं साधारण तेव्हापासूनच चालू झालंय.

लांबकान | रविवार, दुपारी २.३०

मग तुम्हीच शोधलं की.

पॅकेटवर काही का लिहिलेलं असेना, मोठ्या सशाला पेलेट वजनाच्या हिशोबानं किलोला साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे तुमच्या भडंगला दिवसाला पस्तीसेक ग्रॅम पुरे. खाण्यातला ऐंशी टक्के भाग गवत. गवतानं दोन कामं होतात. एक तर आतडं हलतं राहतं, ते जाड चोथ्यानंच हलतं, पिठानं नाही. दुसरं म्हणजे दात, सशाचे दात आयुष्यभर वाढतात, आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास, ते घासायला तासन् तास चघळावं लागतं. पेलेट पाच मिनिटांत संपतात, मग उरलेल्या दिवसभर तो चघळणार काय? ट्रेमध्ये जे आहे ते.

बिस्कीट आजपासून बंद. गाजर पण गोड असतं, ते आठवड्यातनं दोनदा, बोटाएवढं. बदल मात्र हळूहळू करा, आठदहा दिवस घेऊन. एकदम नको.

ऊस_आणि_म्हैस | रविवार, रात्री ८.५०

ताई वैरणीचं मी सांगतो, आमच्याकडं सहा म्हशी आहेत. पावसात वाळकी वैरण मिळत नाही असं नसतंय, ज्याचा माळा कोरडा त्याच्याकडं मिळती. गेल्या दिवाळीनंतर कापलेलं डोंगराचं गवत बघा, पवन्या, मारवेल असलं, हिरवट पिवळं आणि हुंगलं की गोड वास येणारं. कुसळीचं गवत घेऊ नका, त्याची कुसळं तोंडात घुसत्यात, डोळ्यात जात्यात, म्हशीला पण त्रास होतो तर सशाचं काय घेऊन बसलाय. भाताचं पिंजर चालंल पण त्यात कस नाही, नुसतंच पोट भरायचं. कडब्याची पानं काढून द्या, धाट जाड पडंल. उसाचं वाडं देऊ नका, म्हशीला सुद्धा आम्ही नुसतं वाडं घालत नाही. आणि बांधावरचं गवत कापून आणणार असला तर आधी विचारा तणनाशक मारलंय का, हल्ली समदे मारत्यात. गाजरगवत आलं असलं तर निवडून टाका.

आणि काळी पडलेली वैरण टाकली ते चांगलं केलं. बुरशी म्हशीला पण बाधती.

पेठेतला_पैलवान | रविवार, रात्री ९.०२

लसूणघास दिला तर? आमच्या घोडेवाल्याकडं भरपूर असतो.

लांबकान | रविवार, रात्री ९.१५

सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला चालतो. मोठ्याला रोज नको, कॅल्शियम आणि प्रोटीन जास्त, लघवीत चुन्यासारखा गाळ येतो मग.

लॅबवाली | सोमवार, सकाळी ७.४८

मी माणसांच्या लॅबमध्ये काम करते पण आमच्या डॉगीमुळं आणि भावाच्या सशांमुळं एक गोष्ट जवळनं बघितलीय ती सांगते. ताजी लेंडी खाल्ली आणि तीन दिवस ट्रेमध्ये पडून राहिलेली खाल्ली, यात फरक आहे. कॉक्सिडिया नावाचा एक सूक्ष्म परजीवी सशांत फार असतो. त्याची अंडी म्हणा, ती कडक लेंडीतनं बाहेर पडतात, पण पडल्या पडल्या ती लागण करू शकत नाहीत, बाहेर उबेत आणि ओलाव्यात एकदोन दिवस किंवा जास्त राहिली की मगच तयार होतात. म्हणून थेट तोंडात घेतलेल्या मऊ लेंडीतनं तो धोका नाही, पण सादळलेल्या ट्रेमधनं आहे. सध्याची हवा बघा, कपडे तीन दिवस वाळत नाहीत, त्याला हवं तेच वातावरण. एक प्रकार लिव्हरला धरतो, बाकीचे आतड्याला. मोठा निरोगी ससा निभावून नेतो पण दूध तुटलेल्या पिल्लांत जुलाब लागून पटापट जातात, भावाकडं पाचातली तीन गेली.

ट्रे रोज रिकामा करा, दिवसाआड नाही. उकळतं पाणी ओता, साध्या फिनेलनं काही होत नाही त्याला. आणि डॉक्टरांकडं नमुना न्यायचा असेल तर ताज्या आठदहा लेंड्या डबीत घालून त्याच दिवशी द्या.

सासूबाईंना सांगा, रोज ट्रे धुतला की वास येत नाही 🙂

रंकाळाकाठची | सोमवार, दुपारी ३.३०

ट्रे मी दोनतीन दिवसांनी काढायचे, खोटं कशाला बोलू. आजपासून रोज.

एक विचारू? पिल्लं आईच्या लेंड्या खातात का? दुकानदारानं देताना सांगितलेलं की हा आईपासून लवकर तोडलाय, त्यामुळं याला ही सवय लागली असेल का.

लांबकान | सोमवार, रात्री १०.१०

खातात, आणि ते चांगलं असतं. सशीण दिवसातनं एकदाच, तीनचार मिनिटं दूध पाजून निघून जाते, जाताना घरट्यात मोजक्या कडक लेंड्या टाकते. पिल्लं आठदहा दिवसांची झाली की त्या कुरतडतात, आईच्या पोटातले चांगले जिवाणू त्यांना तिथनं मिळतात. पण आठ महिन्यांच्या घोड्याला ते कारण चिकटवू नका, त्याला वैरण पाहिजे एवढंच.

रंकाळाकाठची | बुधवार, रात्री १०.५५

कुणी जागं आहे का प्लीज. भडंगनं दुपारी एकपासून काही खाल्लं नाहीये. ट्रेमध्ये दुपारनंतर फक्त पाचसहा लेंड्या, मिरीएवढ्या बारीक. कोपऱ्यात गोळा होऊन बसलाय, मध्येच पोट जमिनीला टेकवून लांब होतो, परत उठतो. दात खातोय कराकरा. कान गार लागतायत. काल नवऱ्यानं शेतातनं ओलं कोवळं गवत आणलं भारा भरून, मी आनंदानं सगळं पुढ्यात टाकलं आणि पेलेट एकदम बंद केले. माझंच चुकलं ना?

लांबकान | बुधवार, रात्री १०.५८

आत्ता डॉक्टर. सकाळची वाट बघू नका. दहाबारा तास खाणं आणि लेंडी दोन्ही बंद म्हणजे सशासाठी तातडीचं असतं, दहा तास होत आलेच. तोंडात जबरदस्तीनं काही घालू नका, पोट फुगून घट्ट लागत असेल तर भरवणं धोक्याचं, सशाला उलटी होत नाही, आत गेलं ते मागं येत नाही. पोट चोळत बसू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून उबेत ठेवा आणि निघा.

पुण्यात_अडकलेली | बुधवार, रात्री ११.०१

आणि डॉक्टर रोज सशे बघणारे नसतील तर एकच विचारा, तोंडावाटे पेनिसिलिन गटातलं काही देताय का. आमच्या पहिल्या सशाला आम्हीच शहाणपणानं घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन पाजलं होतं, शिंका येत होत्या म्हणून. त्यानं उंडुकातले चांगले जिवाणू मरतात आणि विष करणारे माजतात. चौथ्या दिवशी गेला. नऊ वर्षं झाली, अजून कुठं शिंक ऐकली की आठवतं.

पेठेतला_पैलवान | बुधवार, रात्री ११.०४

ताई गाडी हाय का? नसली तर मेसेज करा, मी मंगळवार पेठेत आहे, दहा मिनटात येतो. पावसात स्कूटरवर न्हिऊ नका त्याला.

रंकाळाकाठची | बुधवार, रात्री ११.०९

गाडी आहे. तीन डॉक्टरांना फोन केले, दोघांनी उचलला नाही, तिसऱ्यांनी या म्हणाले. भाजीच्या क्रेटमध्ये टॉवेल टाकून निघालोय. सासूबाई पण येतायत, म्हणतात मी धरते त्याला.

ऊस_आणि_म्हैस | गुरुवार, पहाटे ५.२०

काय झालं ताई? धारा काढायला उठलोय, आधी हेच उघडलं.

रंकाळाकाठची | गुरुवार, सकाळी ९.४५

आहे. जिवंत आहे. रात्री दीडला घरी आलो. डॉक्टरांनी टेंपरेचर घेतलं, ३७.६ आलं, सशाचं ३८.५ ते ४० पाहिजे म्हणाले, म्हणजे गार पडत चाललेला. आधी गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूंनी लावल्या, मग कातडीखाली सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, अर्ध्या तासानं एक्सरे. गॅस भरपूर होता पण अडथळा नव्हता, म्हणून आतडं हलायचं औषध दिलं. कारण तेच सांगितलं, महिनाभर चोथा नाही म्हणून आतडं आधीच मंद, त्यात ओलं कोवळं गवत एकदम पोटभर, ते आंबलं. मी लेंड्या खाण्याचं विचारलं तर म्हणाले, लेंड्यांनी काही केलं नाही, त्या तो खात होता तेव्हा तो तुम्हाला सांगत होता.

पहाटे चार वाजता पहिली लेंडी पडली. मी, नवरा आणि सासूबाई तिघंही टॉर्च घेऊन ट्रेवर वाकलेलो. बारीक, वेडीवाकडी, ओलसर. सासूबाईंनी हात जोडले. लेंडीला.

लांबकान | गुरुवार, सकाळी ९.५०

🙏 मी लिहिताना ओल्या गवताचं वेगळं सांगायला हवं होतं. "हळूहळू" एवढंच लिहून मोकळा झालो. माझी पण चूक आहे त्यात.

आता चारपाच दिवस लेंड्या मोजत जा. हसू नका, खरंच. चांगला ससा दिवसाला दोनशे तीनशे टाकतो. सगळ्या मोजायच्या नाहीत, वाटीचा अंदाज ठेवायचा. गोल, एकसारख्या, वाटाण्यापेक्षा जरा मोठ्या, मोडल्यावर गवताचा भुसा, म्हणजे चांगलं. बारीक आणि काळ्या कडक म्हणजे खाणं किंवा पाणी कमी. केसात ओवल्यासारखी माळ आली तर केस गळायलेत, विंचरा. आणि मऊ घोस ट्रेमध्ये न खाता पडलेले दिसले किंवा बुडाला चिकटलेले, तर पेलेट अजून जास्त होतायत. या दिवसांत बूड घाण राहिलं तर माश्या बसतात आणि एका दिवसात अळ्या पडतात, ते फार वाईट.

पाणी बाटलीतनं देत असाल तर जड वाटी ठेवून बघा, जास्त पितात.

रंकाळाकाठची | पुढचा मंगळवार, रात्री ९.२०

अपडेट. गडहिंग्लजला नणंदेच्या माळ्यावर गेल्या वर्षीचं डोंगरी गवत होतं, कोरडं ठाक, ते पोतंभर आणलं आणि या वेळी गॅलरीत नाही, आमच्या बेडखाली ठेवलंय. घरभर गोठ्याचा वास. कुसळं मी आणि लेक ताटात घेऊन निवडतो, तांदूळ निवडल्यासारखी. पेलेट वजनकाट्यावर मोजून, आज चाळीस ग्रॅमवर आलोय. ताज्या लेंड्या डॉक्टरांकडं दिल्या होत्या, कॉक्सिडिया थोडे सापडले, औषध चालू आहे, पाच दिवस.

भडंग दिवसभर गवत चघळत बसतो. लेंडी अजून उचलतो अधूनमधून, कालपासून तीन वेळा बघितलं. पण आधी कसा शोधत फिरायचा ट्रेभर, तसं नाही.

सासूबाईंनी जुनी स्टीलची वाटी त्याच्या नावानं काढून ठेवलीय मोजायला. सकाळी चहाआधी विचारतात, भरली का गं?

पुण्यात_अडकलेली | मंगळवार, रात्री ९.४१

वाटी भरली का 😂😂 हे मी आता घरी वापरणार.

ऊस_आणि_म्हैस | मंगळवार, रात्री १०.०२

गवत संपलं की सांगा, आमच्या माळ्यावर आहे. पैसे नकोत.

पेठेतला_पैलवान | बुधवार, सकाळी ८.१५

ताई तो ट्रे कुठला ओ? माझ्या भाचीला ससं पाहिजे म्हणून घर डोक्यावर घेतलंय. वैरणीची सोय आधी लावतो, मग ससं.